घरच्यासारखी

“शी इज लाइक फॅमिली,” सुमेधा भत्त्याच्या सरकारी कचेरीत खिडकीपलीकडच्या नोरीनला सांगत होती. “मला मदत करते, एवढंच. मुलाला खूप लळा आहे तिचा.”

विद्यामावशी शेजारी उभी होती, उजवा हात प्लास्टरमध्ये. सुमेधाच्याच घराच्या जिन्यावरून धुतलेल्या कपड्यांची बास्केट घेऊन उतरताना ती पडली होती. आता कामावर इजा झाली म्हणून सरकारी भत्ता मागायचा, आणि इंग्रजी येत नाही म्हणून दुभाषी न्यायची तीही मालकीणच! हात दाखवून अवलक्षण ते हेच. पण परदेशातल्या या ओंगार उपनगरात हक्काने हाक मारावी असं तिला दुसरं घर तरी कुठे होतं?

आणि ‘मालकीण’ हा शब्द त्या घरात कधी उच्चारलाच गेला नव्हता. मावशी घरून चटणीचा डबा न्यायची. डबा रिकामा परत करू नये, म्हणून सुमेधा महिनाअखेरीस त्यात नोटा घालून द्यायची. पगार म्हटलं असतं तर दोघींनाही लाज वाटली असती.

नोरीनने ‘घरच्यासारखी’ एवढंच लिहून अर्ज बाजूला सारला असता, तरी तिला कोणी जाब विचारला नसता. नोकरी होती असं ठरलं तरच भत्ता. नाही तर हाड जुळायच्या आत मावशीला पुन्हा कामाला जुंपून घ्यावं लागणार होतं, कारण तिच्या नवऱ्याच्या, गुरुनाथच्या, हॉटेलातल्या एकट्या पगारावर घर चालत नव्हतं. अशाने हात कायमचा अधू होईल, हे डॉक्टरने बजावलं होतं.

नोरीनने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं.

“तू जरा बाहेर बस,” ती सुमेधाला म्हणाली. “मला हिच्याशीच बोलायचंय.”

“पण तिला इंग्लिश...”

“वुई विल बी ग्रँड. आमचं जमेल.”

सुमेधा लेकाला, अद्वयला, कडेवर घेऊन बाहेर गेली. नोरीनने सावकाश, एकेक शब्द सुटा करत विचारलं, “एखाद्या सोमवारी तुला जावंसं वाटलं नाही, तर चालतं?”

मावशीचं इंग्रजी अद्वयकडून शिकलेलं, तीन वर्षांच्या पोराचं.

“नो. शी गेट क्रॉस. शी गो ऑफिस, आय मस्ट कम.”

“मग ती तुझी कोण?”

आपल्याच पोरीची चहाडी करतोय असं वाटून मावशीला भडभडून आलं.

“बॉस,” ती म्हणाली. “सुमेधा बॉस.”

नोरीनने ते लिहून घेतलं आणि टिश्यूचा खोका पुढे सरकवला. भत्ता मिळायला हरकत नाही, पण नोंद न करता कामाला ठेवल्याबद्दल सुमेधाला खुलासा द्यावा लागेल, हेही तिने लपवलं नाही.

बाहेर सुमेधा उठून उभी राहिली. “काय सांगितलंत, मावशी?”

“आहे तेच. तुझ्याकडे कामाला होते म्हणून.”

“आम्ही तुम्हाला कधी परकं मानलं का हो?”

“नाही गं. म्हणूनच इतके दिवस बोलता आलं नाही.”

तेवढ्यात अद्वय मावशीकडे झेपावला. तिने आपला धड हात पुढे केला. सुमेधाने त्याला मावशीपासून लांब, दुसऱ्या खांद्यावर घेतलं आणि ती पर्समध्ये गाडीची किल्ली शोधू लागली.