दोरीवरचा शर्ट

"अहो, चहा निवतोय!"

मित्सुएनं दारातून आत तोंड घालून मोठ्यानं हाक मारली आणि तिरक्या नजरेनं समोरच्या पायऱ्यांकडे पाहिलं. तो होताच. सलग तिसरा दिवस. घडीची खुर्ची, मांडीवर वही, आणि नजर थेट तिच्या कपड्यांच्या दोरीवर. देवळाकडे जाणाऱ्या त्या पायऱ्यांवर बसून एवढा समुद्र दिसतो, संत्र्यांच्या बागा दिसतात. पण ह्या दाढीवाल्या परदेश्याला पाहायला सापडलं काय, तर मित्सुए सुगिमोतोचं धुणं!

तिनं पांढरा शर्ट झटकला, खांदे नीट ओढून दोरीवर टाकला, शेजारी गंजीफ्रॉक आणि लांब चड्डी लावली. तिन्ही कपड्यांची जागा ठरलेली होती, रस्त्याच्या बाजूला. तिचे स्वतःचे कपडे मागच्या दोरीवर.

आत चहा निवत नव्हता. चहा केलेलाच नव्हता. तेइजीला जाऊन चार वर्षं झाली होती. बोटीच्या धक्क्यावर तिकिटं देत त्यानं आयुष्य काढलं आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांत गेला. त्याचे बाकीचे कपडे तिनं देऊन टाकले. हे तीन मागे राहिले, ते पोलिसांच्या सांगण्यावरून. एकट्या बायकांच्या सभेत चौकीवरच्या हवालदारानं सांगितलं होतं, "दोरीवर पुरुषाचे कपडे टाकत जा. चोर आधी दोरी बघतो, मग कुलूप." तेव्हापासून सोमवारी आणि गुरुवारी तेइजीचा शर्ट धुतला जाई, वाळे, आणि कॉलरला इस्त्री होऊन पुन्हा घडी होई. नवरा असताना तिनं इतक्या नेमानं इस्त्री केली नव्हती, हे तिचं तिलाच ठाऊक.

हाक मारायची युक्ती मात्र तिची स्वतःची, आणि तीही याच तीन दिवसांतली.

"तुला सांगते, लक्षण ठीक नाही," शेजारच्या होरिएबाई कुंपणावरून म्हणाल्या. "पलीकडच्या बंदरात घर फोडलं ना, तिथेही आधी एक माणूस म्हणे वही घेऊन हिंडत होता."

"हा कुठला आहे?"

"बेल्जियमचा. नाव मार्टेन. काल माझ्या मांजराचं चित्र काढलंन. मांजर झोपलंय, त्यात काढण्यासारखं काय आहे?"

"मांजराच्या निमित्तानं खिडकी बघितली असेल."

"अगं बाई!" होरिएबाईंनी तोंडावर हात ठेवला आणि लगेच खिडकी बघायला धावल्या.

मित्सुएला खरी भीती चोराची नव्हतीच. चोरानं न्यावं असं घरात होतं काय? भीती होती योइचीची. तिचा मुलगा ओसाकाहून दर रविवारी फोन करायचा आणि दर रविवारी तेच बजावायचा. "आई, एक प्रकार होऊ दे, एकच. मी तुला इकडे घेऊन येणार. घर बंद." ओसाकाला त्याच्या नवव्या मजल्यावर तिला एक खोली मिळणार होती. खिडकीतून समोर दुसरा नववा मजला. इथे सकाळची पहिली बोट भोंगा देते तेव्हा मित्सुए डोळे उघडते. तो भोंगा ऐकत तेइजी पन्नास वर्षं बूट घालायचा. घर सुटलं की ती सकाळही सुटणार होती. म्हणून काहीही झालं तरी इथे "प्रकार" होता कामा नये.

गुरुवारी तो माणूस पायऱ्या उतरून चक्क तिच्या फाटकाशी आला. वही पाठीमागे लपवलेली. तीनदा वाकून नमस्कार केला, मग घाम पुसला.

"बाई. नवरा…" तो अडखळला, दारावरच्या पाटीकडे बोट दाखवून त्यानं 'सुगिमोतो तेइजी' अशी अक्षरं ओठांनी जुळवली. "नवरा… घरी… कधी नसतात?"

इतकं उघड? इतका निर्लज्जपणा?

"सदा असतात!" ती म्हणाली. "आत आहेत. अंघोळ करतायत. अतिशय तापट आहेत!"

"हो? छान, छान," असं म्हणत तो हसला, आणखी दोनदा वाकला आणि गेला. तापट नवरा ऐकून छान म्हणणारा माणूस तिनं जन्मात पाहिला नव्हता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात. पण त्या फाटकाशी चोरटेपणा नेमका कुणाच्या मनात होता, हे सांगणं कठीण होतं. तिनं मात्र फाटकाला आतून कडी घातली.

दुपारी ती निशिओका गुरुजींकडे गेली. निशिओका म्हणजे आळीचे प्रमुख, चाळीस वर्षं शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेले. आळीची फिरती पाटी त्यांच्या घरून निघे. पाटीला कागद अडकवायचा, प्रत्येक घरानं वाचून आपल्या नावापुढे शिक्का मारायचा आणि पुढच्या घरी पोचवायची. कचऱ्याचे वार, जत्रेची वर्गणी, कुणाचं मयत, सगळं त्याच पाटीवरून. बारा घरं, शेवटचं मित्सुएचं.

तिनं लिहून नेलं होतं : 'देवळाच्या पायऱ्यांवर संशयीत माणूस. नवरे घरी केव्हा नसतात याची चौकशी करतो. सर्वांनी सावध रहावे.'

गुरुजींनी तांबडी पेन्सिल काढली. लेखी काहीही हातात आलं की त्यांची पेन्सिल आपोआप निघे. मयताच्या सूचनेतलं ऱ्हस्व-दीर्घसुद्धा त्यांनी सोडलं नव्हतं. "संशयित. ऱ्हस्व," ते पुटपुटले. "आणि 'राहावे'." मग चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. "खरंच असं विचारलं त्यानं?"

"माझ्या ह्या कानांनी ऐकलं, गुरुजी."

पाटी फिरली आणि तिनं आपलं काम चोख केलं. शुक्रवारी आळीतल्या खिडक्या बंद. होरिएबाईंचं मांजरसुद्धा आत. तोफूवाल्यानं त्या माणसाच्या नमस्काराला मान हलवली नाही. हवालदार सायकलवरून आला, त्या परदेश्याला चौकीवर घेऊन गेला, आणि शनिवारी पहिल्या बोटीनं तो गावातून गेला. मित्सुएनं गच्चीतून बोट लांब जाईपर्यंत पाहिली. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. तिनं दाराचं कुलूप दोनदा ओढून पाहिलं.

"काही नव्हतं हो त्याच्यात," हवालदार नंतर होरिएबाईंना सांगत होता आणि मित्सुए कुंपणाआडून ऐकत होती. "रोजचं काहीबाही काढत फिरतो. भाषा मात्र विचारू नका. असतात आणि नसतात यांची सारखी गल्लत. मी पासपोर्ट मागितला, तर म्हणतो 'माझ्याकडे नाही', आणि हसत काढून हातात देतो!"

होरिएबाई खो खो हसल्या. मित्सुए हसली नाही. कधी नसतात. कधी असतात. एका अक्षराचा तर फरक. पण संशय एकदा घरात शिरला की सहजी निघत नाही. असतात विचारलं, तरी का विचारलं? त्याला काय करायचं होतं?

पुढच्या बुधवारी होरिएबाई पाटी घेऊन आल्या. रोज तासभर बोलणारी बाई. आज नुसती पाटी हातात दिली. "शर्ट सुरेख आलाय," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

मित्सुए उंबऱ्यावर बसली. पाटीला एक चित्र अडकवलेलं होतं, जाताना त्यानं चौकीवर ठेवलेलं आणि तिथून गुरुजींकडे आलेलं. तिची दोरी. तेइजीचा शर्ट वाऱ्यानं फुगलेला, बाह्या किंचित वाकलेल्या. तिसरं बटण, जे तिनं दुसऱ्या रंगाच्या दोऱ्यानं लावलं होतं, तेही होतं. आणि कोपऱ्यात, दारातून आत वाकून हाक मारणारी ती स्वतः. खाली पहिलीतल्या मुलासारख्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं :

'सुगिमोतोबाई, माझ्यामुळे त्रास. माफ करा. तुम्ही रोज नवऱ्याला चहाला हाक मारता. मला फार आवडतं. कॉलर फार छान. चित्र त्यांच्या हातात द्यायचं होतं, म्हणून विचारलं. पण तुमचे नवरा घरी नसतात, हे ऐकून बरं वाटलं. त्यांना माझा नमस्कार.'

'नवरा'वर तांबडी रेघ, वर 'नवरे' लिहिलेलं. आणि 'नसतात' मधल्या 'न'वर, बारीक पण ठसठशीत, तांबडी फुली. डोक्यावर नीटस अक्षरात : 'असतात'.

मित्सुए त्या फुलीकडे पाहत राहिली. तेइजीच्या अंत्यविधीला गुरुजी सर्वांत पुढे उभे होते. रीतीप्रमाणे दोघांनी मिळून काड्यांनी अस्थी उचलताना त्यांचीच काडी तिच्या काडीला लागली होती. फुलीखाली अकरा घरांचे अकरा शिक्के. अकराही घरं तेव्हा आली होती. कुणीही पाटीवर एक अक्षर जास्त लिहिलं नव्हतं.

यादीत बारावं नाव अजून तेच होतं : सुगिमोतो तेइजी. तिनं खणातून शिक्का आणला, शाईवर टेकवला आणि त्या नावापुढे सरळ, नीट दाबला. मग चहा टाकला. दोन पेले काढले. चित्र पाटीवरून सोडवून हातात घेतलं आणि आत वळून हाक मारली,

"अहो, त्या चित्रकारानं तुम्हाला नमस्कार सांगितलाय."

आवाज चढवला नाही. पायऱ्यांवर ऐकायला कुणी नव्हतं.