बुवांचा कोरा चहा

या, आणखी पुढं सरका. मांडीला मांडी लागली तरी चालेल, पण माझा आवाज बारीक आहे, मागं बसलात तर अर्धी गोष्ट भिंतीच ऐकतील. शहापुरातल्या एका गल्लीत नामसप्ताह बसला होता, त्यातल्या चहाची गोष्ट सांगते. नुसत्या चहापायी माणसाचं मन किती काळवंडतं, ते ऐका.

मालुबाईच्या चुलीवर माणूस बघून चहा होई. तिचे यजमान यमनाप्पा, त्यांना काळाकुट्ट कडक. हातमागावरच्या कामगारांना गुळाचा. त्यात दूध घालायचं ते पातेलं खाली उतरवल्यावरच, नाहीतर फाटतं. शेजारच्या अक्काताईंना बिनसाखरेचा, आणि तो संपेपर्यंत गल्लीच्या बातम्या. सप्ताहात त्यात आणखी एक भर पडली. निपाणीहून आलेले परशरामबुवा मालुबाईकडे उतरले होते. कीर्तनकाराला दूध वर्ज्य, गळ्याला चिकटतं म्हणून. त्यांना सुंठ, मिरी, लवंग घातलेला कोरा चहा. बुवांचा चहा आपल्या चुलीवर होणं म्हणजे केवढा मान! तो मान धाकट्या जावेनं, जयवंतानंही मागितला होता. पंचांनी थोरलीला दिला.

पहिले दोन दिवस बुवा असे गायले की मागांची खटखट थांबल्यावरही गल्ली हलत होती. तिसऱ्या दिवशी आवाज चिरकला. चौथ्या दिवशी वरचा सूर लागेचना. मृदंगवाल्यानं हात जड करून वेळ निभावली.

मालुबाईनं सुंठीची चिमूट होती तिचा चमचा केला.

"निपाणीचं पाणी हाय," यमनाप्पा म्हणाले. "तंबाखू मळत असतील गुपचूप."

"गप बसा वो! देवमाणूस त्यो. जीभ झडंल."

पण पाचव्या दिवशी दुपारी तिनं डोळ्यांनी पाहिलं. बुवा मागच्या दारानं निघाले, बोळ ओलांडला आणि जयवंताच्या घरात शिरले. पाऊण घटकेनं आले ते उपरण्यानं ओठ टिपत.

"कुठं गेलतासा बुवा?"

"जरा पाय मोकळे करून आलो, माउली."

कीर्तनकार खोटं बोलला! मालुबाईच्या मनात पाल चुकचुकली. मान मिळाला नाही म्हणून जयवंता बुवांना काहीतरी पाजते आहे, म्हणूनच गळा बसला. कशाची सांगड कशाशी घातली म्हणाल, तर सगळ्याची सगळ्याशी. परवा जयवंता हसली, ती का? काल वाटी परत करायला आली नाही, ती का? नळावर घागर लावता लावता मालुबाईनं अक्काताईंच्या कानात घातलं, "काय पाजतीया त्या बुवांना, पांडुरंगालाच ठावं."

अक्काताईंच्या कानात घातलेलं तिथंच थोडंच राहतं? संध्याकाळी कीर्तनात बाया जयवंतापासून हातभर सरकून बसल्या. ती एकटी टाळ्या वाजवत राहिली.

सहाव्या दिवशी मालुबाईनं चहात दोन चमचे सुंठ घातली. दुसऱ्या दिवशी काल्याचं कीर्तन. बुवांचा गळा उघडला नाही तर सप्ताह काल्यावाचून संपणार. असं गल्लीत आजवर घडलं नव्हतं. बुवा निघाले तशी ती मागोमाग गेली आणि जयवंताच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी पदर आवळून उभी राहिली.

आत जयवंता गवती चहाची पाती पिळवटून उकळत्या पाण्यात सोडत होती. चहाची पूड नाही, सुंठ नाही. सुपारीएवढा गूळ घातला, गाळलं, आणि बशीत ओतून बुवांपुढं सरकवलं.

"हळू घ्या."

बुवांनी घोट घेतला, डोळे मिटले. "आता जरा विझलं. नुसता निखारा झालाय गळा."

"बुवा, आमच्या थोरल्या आक्काला सांगा की सुंठ कमी घाल म्हणून."

"कसं सांगू, पोरी? किती भक्तीनं करते! पुढं ठेवलेल्याला न्हाय म्हणायची आमची रीत न्हाय. उद्याचा दिवस काढीन."

"मग मी सांगू?"

"नको. तुला माझी आण हाय. तिच्या मनाला लागेल, सेवा वाया गेली म्हणून."

"बरं. मला बाया काय म्हणत्यात ते म्हणू देत. काला तेवढा पार पडू दे."

मालुबाईला हिशेब लागला. चिमूट, मग चमचा, मग दोन चमचे. तिनं स्वतःच्या हातानं त्या गोड गळ्यात आग ओतली होती, आणि वर बोट दाखवलं होतं भलतीकडं. ती वळसा घालून पुढच्या दारानं आत गेली. बुवा गडबडून उठायला लागले.

"बसा बुवा," ती म्हणाली. "जयवंता, किती पाती घालतीस गं?"

जयवंता घाबरली. "तीन, आक्का."

"मला शिकीव."

त्या संध्याकाळी, कीर्तन सुरू होण्याआधी मालुबाई बायांत उभी राहिली. "बुवांचा गळा माझ्या सुंठीनं बसला. नळावर मी जयवंताबद्दल बोलले ते सगळं खोटं. ज्यांनी ऐकलं त्यांनी हेबी ऐका." अक्काताई छताकडं बघू लागल्या. मालुबाई जाऊन जावेला खेटून बसली, आणि कितीतरी वेळ तिला टाळी वाजवायचं सुचलं नाही.

काल्याला बुवांचा आवाज पुरता आला नव्हता. वरचा सूर तुटायचा, तिथं सगळी गल्ली मिळून उचलायची. दहीहंडी फुटली, लाह्या उधळल्या, काला झाला.

माझं मागणं एवढंच. बुवांची आठवण सगळेच काढतात, मालुबाईचं धाडसही सांगतात. तुम्ही मात्र काल्याचा प्रसाद तोंडात घालाल तेव्हा जयवंताचं नाव घ्या. खोटा आळ अंगावर घेऊन, बोलायची मुभा नसताना, तिनं त्या गळ्याला जपलं. तिला विसरू नका.