वेलचीच्या दुधातली रेघ

मित्रांनो, सगळे मला बिघडलेला म्हणतात. ते धडधडीत खोटं आहे! मी माजलगावजवळच्या एका खासगी डेअरीतलं जुनं जंतू-तपासणी यंत्र आहे, आणि माझं काहीही बिघडलेलं नाही.

देशाचा बाजार खासगी कंपन्यांना नुकता खुला झाला होता, तेव्हाची ही गोष्ट. गावोगावी नव्या डेअऱ्या निघत होत्या. आमचे मालक अंगदराव यांना मोठ्या शहरातल्या कंपनीला दूध विकायचं होतं. त्या कंपनीच्या पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून त्यांनी मला परदेशातून मागवलं. फीत कापली, फोटो काढले आणि मला झाकून ठेवलं.

ते झाकण काढलं शिवांजलीताईंनी. त्या परभणीला शिकून आलेल्या, डेअरीच्या केमिस्ट. दुधात घातक जंतू असेल, तर त्याच्या डीएनएचा तुकडा मी गरम-थंड करत वाढवायचो. मग ताई तो पारदर्शक, जेलीसारख्या थरात घालून जांभळ्या उजेडाखाली धरायच्या. जंतू असला की तिथे रेघ चमकायची. जुन्या पद्धतीत जंतू वाढायची चार-पाच दिवस वाट पाहावी लागे. माझं उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी तयार असे. ताई माझ्यावर खूश होत्या. ते माझे सुखाचे दिवस!

त्या उन्हाळ्यात डेअरीने वेलचीचं गार दूध काढलं. पोरं पिशवीचा कोपरा फाडून ते तसंच पीत. एका दुपारी त्या दुधात रेघ आली.

ताई तडक अंगदरावांकडे गेल्या. "साहेब, हा माल थांबवा. जुलाब-तापाचे जंतू आहेत यात."

"मशीन बिघडलीया," अंगदराव म्हणाले. "तसंच लिवून टाका, मॅडम."

"मशीन बिघडली असती तर साध्या पाण्यातबी रेघ आली असती. पाण्यात न्हाई आली, दुधात आली. मी सही करणार न्हाई."

ताई घरी गेल्यावर अंगदरावांनी त्याच दुधाची गाडी भरून पाठवली. मी तिथेच होतो, पण मला कोण विचारतो?

दोन-तीन दिवसांनी वडवणीहून केसरबाई आल्या. त्यांची नात सायली तापाने फणफणून दवाखान्यात होती. तिच्या शेजारच्या खाटांवर गल्लीतली आणखी पोरं होती. केसरबाईंच्या हातात बर्फात ठेवलेली, वेलचीच्या दुधाची एक न फोडलेली पिशवी होती.

"काय पाजलंत माज्या लेकराला?"

"उन्हाळा लई हाय, बाई. बाहेरचं काय खाल्लं असंल," अंगदराव म्हणाले.

ताईंनी पुढे होऊन पिशवी घेतली. "मावशी, उद्या दुपारी या. तुमच्या डोळ्यांदेखत दाखवते."

दुसऱ्या दिवशी केसरबाई गल्लीतल्या बायकांना घेऊन आल्या. ताईंनी आधी पाण्याचा नमुना दाखवला. तिथे काहीच नव्हतं. मग पिशवीतल्या दुधाचा. रेघ लख्ख चमकली. अक्षरओळख नसलेल्या केसरबाईंनाही ती दिसली. त्या दारात उभ्या असलेल्या अंगदरावांकडे वळल्या.

"मशीन बोलली की! मंग तुमीच का गप बसला?"

बायका हटेनात, म्हणून अंगदरावांना दूध तापवण्याचं यंत्र उघडावं लागलं. आतल्या पत्र्याला चीर गेली होती आणि तापवलेल्या दुधात कच्चं दूध मिसळत होतं. वेलचीचं दूध बंद झालं. सायली बरी होऊन घरी गेली, बाकीची पोरंही सावरली.

आणि बक्षीस काय मिळालं? ताईंना कामावरून काढलं. मला गोण्यांच्या खोलीत टाकून वर 'नादुरुस्त' असं रंगवलं. जाताना ताईंनी फडक्याने माझी धूळ पुसली. त्या रडल्या नाहीत, रागाने जोरजोरात घासत होत्या. तो राग माझ्यात अजून आहे.

दर खंडेनवमीला पूजेसाठी मला बाहेर काढतात. झेंडूचा हार घालतात, नारळ फोडतात. अंगदराव पाहुण्यांना ऐटीत सांगतात, "आमच्याकडं डीएनएची तपासणी हाय!" माझी वायर मात्र तेव्हाही कुणी विजेला जोडत नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, कुणी डेअरी चालवाल, कुणी दुकान. माझ्यासारख्या यंत्राची निगा राखा, पण हार घालून नव्हे. मला वीज द्या, नमुना द्या. आणि मी तुम्हाला नको असलेलं उत्तर दिलं, तर दुधाची गाडी थांबवा, माझं तोंड बंद करू नका.