नाकातला धवला

हळद कुटण्याचा आवाज आला की तुळसा दार लोटून घ्यायची. कोपर गावात कुणाच्या ओटीवर हळद कुटली जाऊ लागली म्हणजे लग्न आलं, आणि लग्न आलं की धवला आला. आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाते तेव्हा देव मांडवात येतात; भटजीचं काम नंतरचं. गावात हा मान बायजाचा, तुळसाच्या सासूचा. पण गेल्या पावसाळ्यातल्या तापाने बायजाचा गळाच नेला. मागे उरली नुसती कुजबुज. आता सगळे धवले तोंडपाठ असलेली एकटी तुळसाच.

अडचण एकच होती. तुळसा गायला लागली की सूर नाकातून यायचा. आणि नाकात कोण बोलतं, हे खाडीकाठच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हडळ! मागच्या लग्नात ती सासूमागे बसून साथ करत होती, तेव्हा कुणीतरी कुजबुजलंच, "मिठागरातून येताना हिला काय गावलं?" गावाला काय, चघळायला काहीतरी लागतंच. पण तुळसाचं काळीज चरकलं. कारण एकदा ती खरंच अंधार पडल्यावर मिठागराच्या बांधावरून एकटी आली होती. कुणी भेटलं नव्हतं. पण भेटलेलं आपल्याला कळतं थोडंच?

गोपीनाथच्या लेकीची, नीलाची हळद उद्यावर आली, तेव्हा तुळसाने सासूचे पाय धरले. "आई, मी नाय गात. माझ्यात कायतरी हाय."

बायजाने बोलणं न वाढवता तिचं नाक चिमटीत धरलं. "गा," ती कुजबुजली.

तुळसाने सूर लावला. सूर बाहेरच पडेना. ती घुसमटली, डोळ्यांत पाणी आलं.

"हडळीला वारा लागतो काय गायला? नाक धरलं तरी ती गायली असती," बायजा म्हणाली. "तू तोंड मिटतेस, म्हनून सूर नाकाची वाट धरतो. दात सोड. जांभई देतेस तसा घसा उघड."

तुळसाला हे अर्धंच पटलं. लग्न होऊन आल्यापासून ती वडीलधाऱ्यांसमोर पदर दातात धरूनच गायली होती. सुनेने सासऱ्या-दिरांपुढे आ वासायचा, म्हणजे लाजच सोडली म्हणायची! तरी तिने चुलीपुढे बसून जांभया देत सूर लावून पाहिला. एकटी असली की तो सरळ तोंडातून यायचा. दारात कुणी खाकरलं की पदर दातात आणि सूर पुन्हा नाकात.

दुसऱ्या दिवशी मांडव गच्च भरला. नीला पाटावर बसली, समोर तिचा आजा राघो. बायजा सुनेच्या शेजारी. आज बिनसलं तर घरातला धवला गेला आणि आपण जन्माची हडळ, एवढं तुळसाला कळत होतं. तिने पहिली ओळ धरली. ती नाकातूनच आली. नीलाने तिच्याकडे पाहिलं मात्र, पोरीचे डोळे फिरले आणि दातखीळ बसली.

"लागीर झालं! उठवा त्या तुळसाला!" राघो ओरडला.

बायजाने ओरडायला तोंड उघडलं, पण कुजबुजीपलीकडे आवाज गेला नाही. तुळसाला पळून जावंसं वाटलं. तेवढ्यात नीलाचा बर्फासारखा गार हात तिच्या हाताला लागला. ही तर आपल्याइतकीच भ्यालीय, तिच्या मनात आलं.

तिने नीलाची हनुवटी धरली. "आ कर, नीला. ही बघ, माझ्यासारखा आ कर." लेकराला भरवताना आईचं तोंड उघडतं, तसं सगळ्या म्हाताऱ्यांदेखत तिचं तोंड उघडलं. पदर कधी सुटला, तिला कळलंही नाही. आणि त्या तोंडातून 'आ' निघाला, मोठा, मोकळा, पार मांडवाबाहेर जाणारा. नीलाचे दात सुटले. ती हमसून हमसून रडू लागली.

तुळसाने तो सूर सोडला नाही. त्यावरच धवल्याचा पहिला शब्द ठेवला आणि गात राहिली. भीती गेली म्हणाल, तर मुळीच नाही. एक धवला संपला. दम घ्यायला ती थांबली आणि तिने राघोकडे पाहिलं. आता कुणीतरी बोलणार.

बोलली ती नीलाच. तुळसाचा हात घट्ट धरून ती म्हणाली, "थांबू नको गो वैनी. तू थांबलीस की मना भ्या वाटतं."