प्रतिवादीची बाजू

"गोदामाला बाहेरून कुलूप होतं, हे खरं. पण आतले हमाल या करारात पक्षकार नव्हते. त्यांचा इथे संबंध नाही."

रोशनीने हे इंग्रजीतून असं झोकात सांगितलं की सराव घेणाऱ्या रुचिका मॅडमनी टेबलावर थाप मारली. "मस्त. परदेशात प्रतिवादीची बाजू तूच मांडणार."

आंतरराष्ट्रीय व्यापारी लवादाच्या मूट स्पर्धेतला, म्हणजे विद्यार्थ्यांच्या लुटुपुटीच्या सुनावणीतला, हा खटला नुसता कागदावरचा होता: जळालेला माल, भरपाई मागणारी एक कंपनी आणि हात झटकणारी दुसरी. पण भिवंडीत गोदाम जळलं की कसला वास येतो, ते तिला कागदावरून शिकावं लागलं नव्हतं. तिचा बाप कोंडू हमालीला असताना तसल्याच कुलपाआडून ओढून काढलेला. तेव्हापासून त्याची बोटं आकसलेली होती.

"मॅडम, मला दुसरी बाजू द्या ना."

"तिथे विवेक आहे. आणि मूटमध्ये आवडीची बाजू मिळत नसते गं. नको असेल तर आत्ताच सांग, उद्या नावं पाठवायचीत."

नको कसं म्हणणार? पाड्यावरून वकिली शिकायला गेलेली ती पहिलीच. तिने मान डोलावली, आणि तिला स्वतःचीच शिसारी आली.

कोन गावाजवळच्या घरी कोंडू नेहमीसारखा इस्त्रीचा शर्ट घालून खाटेवर बसला होता. सरावाला समोर पंच लागतो, हे तिनेच त्याला सांगितलेलं. गळ्याचं बटण त्याला लावता येईना, ते तिने लावलं. मग ती बोलली.

"आता मराठीत सांग. मना काय समजला न्हाय."

काहीतरी सांगून वेळ मारून नेता आली असती. तिने खरं तेच सांगितलं, कुलपासकट.

कोंडू आपल्या बोटांकडे बघत राहिला.

"गोदामाच्या शेठचा वकील बी ह्याच बोलला व्हता," तो म्हणाला. "पन तो अडखळायचा. तू बरी बोललीस."

त्यात टोमणा नव्हता, कौतुकच होतं, आणि तेच तिला सोसवेना. ती बटण काढायला वाकली.

"राहू दे," कोंडू म्हणाला. "परत एकदा बोल."

खांद्यावरचा टॉवेल त्याने दोन्ही हातांवर ओढून घेतला आणि तो ताठ बसला.