गौर आणताना बोलायचं नाही

मृणालीने पऱ्याच्या वाहत्या पाण्याची चूळ तोंडात भरली, तेरड्याची जुडी छातीशी धरली आणि घराकडे जाणारी पायऱ्यांची घाटी चढायला लागली. आता घर येईपर्यंत गौर आणणारीने बोलायचं नाही, चूळ सांडायची नाही आणि मागे वळून पाहायचं नाही. ही चाल कोणी आणि का पाडली ते गावात कोणी सांगत नाही. घरच्या माणसांना तेवढीच शांतता आवडली असावी.

चार-सहा पावलं झाली असतील, पाठीमागून आवाज आला.

"भरलंस तोंड? बरं झालं. आता माझं आयक."

मृणालीच्या घशात निम्मी चूळ उतरली. आईला, गोदाबाईला, ओट्यावर बसवून, वॉकर तिच्यासमोर उभा करून, हललीस तर बघ असा दम देऊन ती खाली आली होती. वॉकर तिने डोंबिवलीहून रेल्वेत मांडीवर घेऊन आणला होता. पावसाच्या तोंडाला आई घरापुढच्या खळ्यात घसरून पडली, तेव्हापासून तिला डोंबिवलीला न्यायचं ठरलं होतं. ठरवलं मृणालीने. गौर बोळवली की खेडहून दोघींची गाडी. आल्यापासून गोदाबाई काही बोलायला गेली की मृणाली तिला डॉक्टरांचं मत ऐकवायची, आणि डॉक्टर संपले की विनीतचं. विनीत म्हणजे जावई. तो बिचारा काहीच म्हणाला नव्हता.

"पडले ती शेवाळावर पडले, वयावर नाय," मागून गोदाबाई म्हणाली. "तू तुझ्या लग्नात शालू अडकून मांडवात पडलेलीस. तुला उचलून नेलं काय कोणी? नेलं ते सासरी, आणि ते आधीच ठरलेलं होतं."

मृणालीने नाकातून जोरात श्वास सोडला. त्याला उत्तर समजायचं की चढण, हे ज्याचं त्याने ठरवावं. जांभ्याच्या पायऱ्या ओल्या होत्या. मागे वळता येत नव्हतं, म्हणून ती कान देऊन आईचा दम ऐकत होती. दम ऐकू येत नव्हता, नुसती आई ऐकू येत होती.

"तुझ्याकडे गेल्या साली महिनाभर ऱ्हायले. सकाळी खिडकीत बसले, दुपारी खिडकीत बसले. समोरच्या बिल्डिंगीत एक म्हातारी खिडकीत बसलेली असायची. शेवटी आम्ही एकमेकींना हात करायला लागलो. ती पण कोणाची तरी आईच असणार."

मृणालीची पावलं जरा हळू पडली.

"इथं दार उघडलं की कामं दिसतात. ती संपत नायत, म्हणून मी पण संपत नाय. इतकंच सांगायचं होतं. घरात तू सांगू देत नायस."

मग मागून काहीच आलं नाही. एक वळण गेलं, दुसरं गेलं. पाऊलही वाजेना. मृणालीची मान वळायला निघाली, तिने ती धरून ठेवली आणि उरलेल्या पायऱ्या जवळजवळ धावत चढली. खळ्यात पोचताच तुळशीत चूळ टाकून ती गर्रकन वळली.

घाटी रिकामी होती.

"कोण आली गो?" घरातून विचारणा झाली.

गोदाबाई उंबऱ्याच्या आत उभी होती. वाडीतल्या आडवाटेने येऊन मागीलदाराने शिरली होती. पदर खोचलेला, कपाळ कोरडं.

"गौर…" मृणालीने तुळशीवृंदावनाचा आधार घेतला. "गौर आली."

"काय घेऊन आली?"

"थांब. सांगते."

"थांबते की. दम खा. वॉकर देऊ?" गोदाबाईने जरा विचार केला. "पण तो रिकामा नाय."

वॉकर मखरात उभा होता. दरवर्षी गौर जुन्या लाकडी खुंट्यावर उभी करायचे आणि जेवणाच्या दिवशी ती हटकून नैवेद्यावर वाकायची. मृणालीने वॉकरकडे पाहिलं, मग आईच्या पायांकडे पाहिलं. तेरड्याची जुडी त्याच्या दांड्यांना बांधली, मुखवटा बसवला, साडी नेसवली. निऱ्या सरळ उतरल्या. बोटाने ढकलून पाहिलं. गौर हलली नाही.

"आये, बोळवण झाली की हा माळ्यावर ठेवते."

"डोंबिवलीला नाय न्यायचा?"

"नको," निरी उगाच सारखी करत मृणाली म्हणाली. "पुढच्या वर्षी तुला इथं लागेल. गौरीला."

गोदाबाईने तांब्या उचलला, पाण्याचा मोठा घोट तोंडात घेतला आणि बराच वेळ गिळलाच नाही.