मिठूचे आकडे

दोघींनी एकच हाड मोजलं आणि दोघींचे आकडे जुळले, तर बाकीच्यांना आनंद होतो. मला संशय येतो. एकवीस वर्षं मी माणसांच्या मांडीची हाडं मोजतेय. फळीवर हाड आडवं ठेवायचं, गुडघ्याकडचे दोन उंचवटे एका टोकाच्या ठोकळ्याला टेकवायचे, दुसरा ठोकळा सरकवत हाडाच्या गोल डोक्याला भिडवायचा आणि त्याच्या कडेखालच्या पट्टीवरचा आकडा वाचायचा. सोपं वाटतं ना? करून बघा. सकाळी एक आकडा येतो, जेवणानंतर दुसरा. आणि हाडं तरी कुठं सारखी असतात? एक पुढं वाकलेलं, एक आखूड पण जाडजूड, एकाच माणसाचं डावं-उजवंसुद्धा एकमेकांशी पटवून घेत नाही.

या फरकांचाच आमच्याकडं अभ्यास चालला होता. सहाशे हाडं. प्रत्येक हाड दोघींनी मोजायचं, एकमेकींची वही न बघता. शनिवारी आमचे विभागप्रमुख सर दोन्ही वह्यांतले आकडे एका कागदावर शेजारी शेजारी मांडून आम्हाला देत. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला, की ते हाड पुन्हा फळीवर. जिचं वारंवार चुकेल तिनं मोजणं सोडायचं आणि हाडं धुवायला बसायचं, हा सरांचा नियम.

दुसरी मोजणारी म्हणजे वर्षाच्या करारावर आलेली मुलगी. तिला हाड धरायला मीच शिकवलं. महिनाअखेरीला तिचा करार संपत होता. तो वाढणार म्हणून तिनं जवळच खोली घेऊन आईलाही आणलं होतं. खुबा दुखायला लागल्यापासून मी फळीच्या डाव्या बाजूला स्टूल घेऊन बसत होते. ती मात्र उभ्यानं मोजायची, भराभर.

आणि तिचे आकडे माझ्याशी जुळायचे. एकशे साठ हाडं झाली, तरी एकदाही एका मिलिमीटरहून जास्त फरक नाही! मी मनातल्या मनात तिचं नाव मिठू ठेवलं. जे ऐकेल तेच बोलणारा पोपट.

"अगं, जुळतंय तर चांगलंच की," नवरा म्हणाला.

"इतकं जुळत नसतं. कुठंतरी पाणी मुरतंय."

"तुला आपल्या घरातल्या घड्याळाचाही संशय येतो," तो म्हणाला आणि कूस बदलून झोपला.

मी वही ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावायला सुरुवात केली. किल्ली पर्समध्ये, पर्स खांद्याला. तरी आकडे जुळतच राहिले. आता मात्र माझं डोकं फिरलं. एकवीस वर्षांत माझ्या आकड्यावर कुणी बोट ठेवलं नाही, आणि ही कालची पोरगी माझ्या जिवावर करार वाढवून घेणार?

मग मी सापळा लावला. दोनशे बारा नंबरचं हाड. पट्टीवर चारशे एक्कावन्न दिसत होतं. मी चारशे सदुसष्ट लिहिलं. सोळा मिलिमीटर! आंधळ्यालाही कळावी अशी चूक.

शनिवारी कागद आला. दोनशे बारासमोर माझे चारशे सदुसष्ट आणि मिठूचे चारशे सहासष्ट.

मला इतका आनंद झाला, की मी खुब्याचं दुखणं विसरून जिना चढले. सरांना लेखी तक्रार दिली. त्यांनी लगेच तिला बोलावून घेतलं.

"आकडे ताईंचे उतरवलेस?"

"हो," ती म्हणाली. एवढंच. रडणं नाही, सारवासारव नाही.

"कुलूप कसं उघडलंस ते विचारा तिला," मी म्हणाले.

"कुलूप कशाला उघडायचं? ताई, तुम्ही लिहिताना आकडा मोठ्यानं म्हणता."

सर म्हणाले, "म्हणजे तू हाडं मोजलीच नाहीस?"

तिनं पिशवीतून एक वही काढून टेबलावर ठेवली. आत दोन रकाने होते. एकावर 'ताई', दुसऱ्यावर 'मी'. प्रत्येक हाडापुढं तिचा आकडा माझ्यापेक्षा कमी होता. कुठं दोननं, बहुतेक ठिकाणी तीननं.

"फरक दिसला असता तर ताईंना हाडं धुवायला बसवलं असतं," ती सरांना म्हणाली. "त्यांना खाली वाकवत नाही. परवा एकोणीसचा फरक बघून मी घाबरलेच. वाटलं, आता ताईंचं फारच झालं."

सर खाली आले, तीन हाडं काढली आणि मला मोजायला सांगितली. मी स्टुलावर बसले. चारशे एक्केचाळीस. चारशे पासष्ट. चारशे बावन्न. मग सरांनी स्वतः उभं राहून, बरोबर वरून बघत मोजली. चारशे अडतीस. चारशे बासष्ट. चारशे एकोणपन्नास.

"तुम्ही तिरकं बघताय," ते हळूच म्हणाले. "ठोकळ्याची कड तुम्हाला दोन-तीन रेघा पुढं दिसते."

पाच महिन्यांची माझी सगळी वही चुकीची होती. पण त्याहून वाईट पुढंच होतं.

"हिची ही वही आपण वापरू," सर म्हणाले. "पण हिनं दोनशे खोटे आकडे मला दिलेत. हिला ठेवता येणार नाही."

"सर, मी तक्रार मागं घेते."

"आता ती मलाही मागं घेता येत नाही, ताई."

ती खुंटीवरचा अ‍ॅप्रन काढून घडी घालत होती. मी तिच्याजवळ गेले. मला रडू येत होतं आणि रागही, दोन्ही एकदमच.

"मूर्ख मुली, मला सांगायचं होतंस एका शब्दानं!"

"सांगितलं होतं, ताई. दुसऱ्याच आठवड्यात. म्हटलं, जरा उभं राहून बघता का, आकडा वेगळा येतोय."

"मग?"

"तुम्ही म्हणालात, माझ्याच आकड्यांवर डोळा ठेवून आलीस होय! आणि चार दिवस माझ्याशी बोलला नाहीत."

मला यातलं काहीही आठवत नव्हतं. पण ती खोटं बोलत नव्हती. वाक्य माझंच होतं.